सतरा नंबरच्या पायऱ्या

विद्यापीठात एकेचाळीस इमारती आहेत. त्यातली प्रत्येक इमारत पुढच्या महिन्यात किती वीज खाणार, हे या महिन्यात सांगणं हे माझं काम. लोक मला तोंडावर ऊर्जा विश्लेषक म्हणतात आणि पाठीमागे ज्योतिषी. फरक इतकाच की ज्योतिषाचं चुकलं तर त्याला ग्रहांवर ढकलता येतं. माझ्याकडे फक्त हवामान होतं.

अर्थात ढकलायची वेळ सहसा येत नसे. इमारतीचं क्षेत्रफळ, वर्गांचे तास, विद्यार्थ्यांची संख्या, बाहेरचं तापमान, सुट्ट्या आणि मागच्या सात वर्षांच्या मीटरच्या नोंदी, एवढं सगळं मी माझ्या मॉडेलला भरवायचो आणि ते आकडा द्यायचं. सरासरी फरक शंभरात तीन. सतरा नंबरच्या इमारतीत तर एकाचाही नाही. तो आलेख दाखवून मी दोन परिषदांमध्ये टाळ्या घेतल्या होत्या. अंदाजाची रेघ आणि प्रत्यक्षाची रेघ एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की एका श्रोत्याने उठून विचारलं, "दुसरी रेघ कुठे गेली?"

मीटरच्या नोंदी मामाच्या. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर मी त्याच्याच घरी वाढलो. तो विद्यापीठात मीटर-वाचक. दर महिन्याच्या एक तारखेला लांबट वही काखेत मारून सकाळी निघायचा आणि संध्याकाळी एकेचाळीस आकडे माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. ऑफिसात तो मला साहेब म्हणायचा आणि घरी गाढवा. दोन्ही हाकांत माया सारखीच असायची, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. चाळीस वर्षांच्या अचूक नोंदींबद्दल त्याला मानपत्र द्यायचं ठरलं होतं. मानपत्राचा मजकूर मीच लिहिला होता. 'ज्यांच्या आकड्यांवर आमचा प्रत्येक अंदाज उभा आहे' हे त्यातलं एक वाक्य. ते दुर्दैवाने शब्दशः खरं निघालं.

आमच्या विभागाच्या संचालकांनी प्रयोग म्हणून एका इमारतीत नवा डिजिटल मीटर बसवायचं ठरवलं. कुठल्या, असं विचारल्यावर मी छाती पुढे काढून सतरा नंबर सुचवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गच्चीवरच्या खोलीतला जुना मीटर काढला, नवा बसवला. हा नवा मीटर दर पंधरा मिनिटांनी आकडा आपणहून माझ्या संगणकावर पाठवायचा. कुणी वर चढायची गरजच नाही.

महिना संपला. माझा अंदाज होता सहा हजार एकशे ऐंशी युनिट. नव्या मीटरने दाखवले नऊ हजार चाळीस.

संचालकांनी दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि वजाबाकी केली. "दोन हजार आठशे साठ. एवढी वीज कोण चोरतंय?"

"सर, आधी मीटर तपासून बघू."

"मीटर नवा आहे आणि मॉडेल तुमचं आहे. दोन्ही चुकणार नाहीत. राहिला माणूस."

माणूस म्हणजे चावीवाल्या बाई. सतरा नंबरच्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या त्यांच्या कमरेला असायच्या. चालताना त्या दिसण्याआधी ऐकू यायच्या. जिन्याखालची एक खोली त्यांना नोकरीबरोबर राहायला मिळाली होती. तिथे त्या आणि त्यांची थोरली बहीण राहायच्या. बहिणीला ऐकू येत नसे, त्यामुळे तिच्याशी बोललेलं चारी मजल्यांना कळायचं.

तपासणीला मला सोबत नेलं. खोलीत दोन खाटा, एक ट्रंक, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, आणि कोपऱ्यात विजेची शेगडी. संचालकांनी शेगडीकडे असं पाहिलं, जणू खुनातला सुरा सापडला.

"हे काय?"

"शेगडी," बाई म्हणाल्या.

"कशासाठी?"

"चहासाठी. घेणार का? टाकते."

"हिच्यावर किती वीज जाते माहीत आहे?"

"आता तुम्हीच सांगा की. कागद तुमच्या हातात आहे." संचालकांनी कागदावरचा आकडा वाचून दाखवला, तशा त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, एवढी वीज मी एकटीने खाल्ली? मग माझं अंग कुठे दिसतंय?"

मी हसलो. संचालक हसले नाहीत. त्याच संध्याकाळी नोटीस निघाली. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा द्यावा, अन्यथा नोकरी समाप्त आणि खोली रिकामी. खुलासा येईपर्यंत कामावर यायचं नाही, चाव्या आणि शेगडी कार्यालयात जमा.

मी रीतसर हिशोब केला. तशी शेगडी दिवसातून तीनदा चहापुरती लावली तर महिन्याला तीसेक युनिट. दोन हजार आठशे साठ जाळायचे तर चार शेगड्या महिनाभर रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागतील. चहाच्या भाषेत सांगायचं तर दर पाच मिनिटाला एक आधण. हे मी एका पानावर मांडून संचालकांकडे नेलं.

त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं. "म्हणजे तीस युनिट तरी चोरलेच ना?"

"सर, तीस."

"चोर तो चोर. आकडा हा तपशील आहे."

आयुष्यभर आकड्यांवर पोट भरलेल्या माणसाला हे वाक्य पचवायला थोडा वेळ लागतो. खरं तर त्याच वेळी मला पुढचा प्रश्न पडायला हवा होता. बाईंनी खाल्ली नाही, मग वीज जाते कुठे? पण त्या प्रश्नाच्या टोकाला माझं मॉडेल उभं होतं, आणि स्वतःच्या पोराला कोणी पहिल्यांदा विचारत नाही.

बाईंना दूर करून आठ दिवस झाले. वापर कमी व्हायच्या ऐवजी शंभरात अकराने वाढला. रोज संध्याकाळी चारी मजल्यांवर फिरून मागे राहिलेले दिवे, पंखे आणि प्रयोगशाळेतले हवा ओढणारे पंखे बंद करायचं काम बाई आपणहून करायच्या. ते कुठल्याही आदेशात नव्हतं, त्यामुळे ते थांबल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ते संचालकांना सांगितलं.

"हा सूड आहे," ते म्हणाले.

"पण चाव्या तर आपल्याकडे आहेत."

"तेच तर. किती मुरलेली बाई आहे बघा."

मग मात्र मी उठलो आणि भांडाराच्या खोलीत गेलो. सतराचा जुना मीटर काढल्यावर कुठेतरी टाकला असणार. मोडक्या खुर्च्या, छताचे पंखे आणि कुठल्यातरी जुन्या कुलगुरूंची तसबीर यांच्या मागे तो सापडला. काचेवर धुळीचा थर होता. रुमालाने पुसला. आतली चाकं काढताना जिथे होती तिथेच थांबलेली: सात लाख दोन हजार एकशे अठरा.

मामाच्या वहीत त्याच दिवसाची नोंद होती, पाच लाख शहाण्णव हजार चारशे सात.

एक लाख युनिटांहून जास्त. एवढी चूक डोळ्यांनी होत नाही, चष्मा कितीही जुना असला तरी. मी मीटर टेबलावर आणून ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग एकेचाळीस इमारती माझ्या अचूकतेच्या क्रमाने लावल्या. ज्यात मॉडेल सगळ्यात बरोबर ती पहिली. पहिल्या चौदा इमारतींत मीटर एकतर गच्चीवर होता नाहीतर तळघरात. उरलेल्या सत्तावीसमध्ये तो तळमजल्यावर, दारातून आत गेल्याबरोबर. दुपारभर मी त्या चौदा ठिकाणी जाऊन पायऱ्या मोजल्या. जितक्या पायऱ्या जास्त, तितकं माझं भविष्य बरोबर. सतरा नंबरला एकशे बारा होत्या. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि बहुतेक दिवस कुठेच जात नाही.

तळमजल्यावरच्या मीटरांचे आकडे खरे होते, म्हणून माझं तिथे चुकत होतं.

सात वर्षं माझं मॉडेल इमारतींचा अभ्यास करतंय असं मी समजत होतो. ते मामाचा अभ्यास करत होतं आणि त्यात पहिल्या वर्गात पास झालं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मला पायऱ्या उतरता उतरता आठवली. मुख्य फाटकावरचा मीटर दर महिन्याला सगळ्या इमारतींच्या बेरजेपेक्षा जास्त दाखवायचा. त्या फरकाला मी नाव दिलं होतं: वाहिन्यांतली गळती. गळती समिती माझ्याच अहवालावर नेमली गेली. तिने दोन रस्ते खणून वाहिन्या बदलल्या. गळती वाढली. मी अहवालात लिहिलं, 'जमिनीतील ओलाव्यामुळे'.

रविवारी सकाळी मामाकडे गेलो. तो खुर्चीत बसला होता, पाय समोरच्या स्टुलावर. मामी जमिनीवर बसून भाजी निवडत होती.

"ये गाढवा. मानपत्राचं काय झालं? चौकट लाकडी आहे की प्लास्टिकची?"

"मामा, सतरा नंबरचा जुना मीटर मी बघितला."

मामीने एक शेंग मोडली.

"किती दाखवतोय?" मामाने विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि मला दिसलं की फरक त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "एवढा?"

"तिसऱ्या मजल्यावर नवी प्रयोगशाळा झाली तीन वर्षांपूर्वी. तुला माहीत नव्हतं?"

"तिसऱ्या मजल्यावर गेलो असतो तर कळलं असतं."

मग त्याने सांगितलं. सात वर्षांपूर्वी तो सतराच्याच जिन्यात पडला होता. गुडघा तेव्हापासून. सरळ चालायला त्रास नव्हता. पायऱ्यांचं नाव काढलं की गुडघा आधीच रडायचा. "तळमजल्यावर दिव्यांच्या बटणांचं मोठं कपाट असतं ना, त्याला हात लावायचा. गरम लागलं तर मागच्या वर्षीपेक्षा जरा जास्त लिहायचं. नाहीतर तेवढंच. शेवटी शून्य येऊ द्यायचं नाही. शून्याचा लोकांना संशय येतो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात चौदा रकाने मोकळे ठेवून आलो होतो. त्यात गुडघा असं लिहिलं होतं. तू काय म्हणालास आठवतंय?"

आठवलं. अगदी शब्द न् शब्द आठवला. मॉडेल तेव्हा नवं होतं, आठवडाभरात त्याचं प्रात्यक्षिक होतं आणि मी घाईत होतो. मी म्हणालो होतो, "मामा, गुडघा हा आकडा नाही." दुसऱ्या दिवशी चौदा आकडे आले. मी बघितलेही नाहीत.

"मला वाटलं, तुला चालतंय," मामा म्हणाला. "पुढे तुझं आणि माझं इतकं जुळायला लागलं, की मला वाटलं माझ्या हाताला खरंच कळतं."

"त्या चावीवाल्या बाईंची नोकरी जातेय, मामा. खोली जातेय. गुरुवारी मुदत संपते."

मामाने पाय स्टुलावरून खाली घेतला. दुखलं असावं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

"मी तिच्याकडेच बसायचो," तो म्हणाला. "दर एक तारखेला. गच्चीवर जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, तेवढी वीस मिनिटं. बाहेरून कोणी बघितलं तर वेळ बरोबर दिसावी म्हणून. ती चहा करायची."

"त्याच शेगडीवर?"

"दुसरी कुठली?"

मामीने भाजी निवडायची थांबवली. "म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे, आणि ती बोलली नाही?"

बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. प्रत्येक दाबासरशी पंप सुस्कारा टाकायचा.

"पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबता येणार नाही?" मामाने विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

"गुरुवार आहे, मामा."

"हं."

मी उठलो. मामी म्हणाली, "जेवून जा." मी म्हटलं, आज नको. ती पुन्हा म्हणाली नाही. तिने आग्रह केला नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं. दारापर्यंत मामा आला, भिंतीला हात लावत.

"लिहिशील तेव्हा नुसतं मीटर-वाचक लिही. नाव घालू नकोस. तुझ्या मामीला लोक वाचून दाखवतात."

वाटेत सतरा नंबरला गेलो. बाई जिन्याखालच्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. चाव्यांशिवाय त्या एखाद्या परक्या बाईसारख्या दिसत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, मामा वर जात नाहीत ते? खुलाशात लिहिलं का नाही?"

"मला एवढंच माहीत होतं की मीटरवाल्या भाऊंचा गुडघा दुखतो. मीटरमधलं मला काय कळतंय?"

"एवढं लिहिलं असतंत तरी सुटला असतात."

"आणि ते?" बाई म्हणाल्या. "साहेब, शिकलेली माणसं तुम्ही. तुम्हाला कळेल म्हणून वाट बघत होते. जरा उशीरच लावलात."

आतून बहिणीने काहीतरी विचारलं. बाई चारी मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "काही नाही गं! ते विजेचे साहेब आलेत, पायऱ्या मोजायला!"

सोमवारी अहवाल लिहिला. जुन्या मीटरचा आकडा, पायऱ्यांचा तक्ता, नव्या प्रयोगशाळेची यंत्रं, चहाचा हिशोब, सगळं. शेवटी ठरलेला छापील फॉर्म असतो. चुकीचे स्वरूप: मानवी. त्याखाली रकाना: जबाबदार व्यक्तीचे पूर्ण नाव. मी 'मीटर-वाचक' लिहून नेलं. कारकुनाने परत पाठवलं, पूर्ण नाव लागतं. मग मी आधी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली, बारीक अक्षरात, मामाचं.

संचालकांनी अहवाल दोनदा वाचला. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं.

"बाईंना उद्यापासून घेऊ. चहाबद्दल लेखी ताकीद देऊन. पण इथे तुमचं नाव कशाला?"

"सर, मीटर-वाचकांनी सुरुवातीलाच रकाने रिकामे ठेवले होते. ते चालणार नाही असं मीच सांगितलं होतं. आणि खोटे आकडे मला ओळखता यायला हवे होते. गळती म्हणून मीच समिती नेमायला लावली."

"गळती समितीचा अध्यक्ष मी होतो," संचालक म्हणाले. त्यांनी खणातून पट्टी काढली, माझ्या नावावर ठेवली आणि एक सरळ रेघ मारली. "मॉडेल आपण पुरस्कारासाठी पाठवलंय. मॉडेलचा काय दोष? त्याला खायला वाईट मिळालं. शिवाय रकाना एकाच नावाचा आहे."

मी उठून ती रेघ खोडू शकलो असतो. फॉर्म नवा मागू शकलो असतो. राजीनामा वगैरे शब्दही मनात येऊन गेले. ते नेहमी येतात आणि जातात, त्यांना आमच्या ऑफिसची सवय आहे. मी सही केली. सहीचा रकाना वेगळा होता, तिथे माझं नाव चालत होतं.

आदेश निघाला. मीटर-वाचकांना महिन्याच्या दोन तारखेपासून निवृत्तीपर्यंत सक्तीची रजा. मानपत्र रद्द. बाईंना चाव्या परत मिळाल्या. शेगडी भांडारात गेली ती तिथेच हरवली. कुलगुरूंच्या तसबिरीमागे असावी.

एक तारखेला सकाळी मामा आला. आदेश दोन तारखेपासून होता, म्हणजे एक तारीख त्याची होती. काखेत वही. माझ्या खोलीवरून गेला, आत डोकावला नाही. तो दिवसभर फिरताना मला खिडकीतून अधूनमधून दिसत होता. अकराच्या सुमारास तो सतरा नंबरसमोर उभा होता. तिथला आकडा आता आपोआप येत होता, त्याला जायचं काही काम नव्हतं. तरी तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला.

संध्याकाळी मी खाली गेलो होतो तेवढ्यात वही टेबलावर ठेवून तो निघून गेला. रात्री बायकोला मामीचा फोन आला. कामाचं बोलली, मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संगणक उघडून आकडे भरायला बसलो. तळमजल्यावर मीटर असलेल्या सत्तावीस इमारतींचे आकडे स्वच्छ, वळणदार, मामाच्या अक्षरातले. सतराच्या पुढे बारीक रेघ. उरलेल्या तेरा इमारतींपुढे प्रत्येकी एकच शब्द होता, न चुकता तेरा वेळा, तितक्याच वळणदार अक्षरात: गुडघा.

मी पहिल्या रकान्यात तोच शब्द भरला आणि पुढे जायचं बटण दाबलं. पडद्यावर सूचना आली: कृपया आकडा भरा, रकाना रिकामा ठेवता येणार नाही. ती सूचना सात वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. अक्षरं लाल असावीत, हा आग्रहही माझाच.

वही काखेत मारून मी उठलो. पहिल्या इमारतीला अठ्ठ्याण्णव पायऱ्या आहेत.